सावकाश सुटणारे तणनाशक

अर्थशास्त्राच्या वर्गात 'बाह्य परिणाम' शिकवताना कारखान्याच्या धुराचे उदाहरण ठरलेले असे. पुढे शासकीय सेवेत शेतीविषयक फायली हाताळताना मला त्याहून बोलके उदाहरण सापडले, ते अट्राझीनचे. मका व ऊस या पिकांत वापरले जाणारे हे तणनाशक. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. तेव्हा ते फवारणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

अडचण रसायनाच्या स्वभावात आहे. अट्राझीन मातीला घट्ट धरून राहत नाही. तण आठवडेच्या आठवडे उगवत असते आणि औषध मात्र एकाच दिवशी पडते. मध्येच जोराचा पाऊस झाला, की त्यातला काही अंश पाण्याबरोबर खाली भूजलात उतरतो. यावरचा एक उपाय म्हणजे औषध स्टार्चच्या किंवा अल्जिनेटच्या दाण्यात कोंडणे. ओल लागताच दाणा फुगतो, औषध थोडे थोडे सोडतो आणि ते तण रुजते त्या वरच्या थरातच अधिक काळ टिकते. अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने स्टार्चच्या वेष्टणावर बरेच काम केले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतही अशा मिश्रणांवर संशोधन झाले आहे.

मग दुकानात अट्राझीन अजून साध्या भुकटीच्याच रूपात का दिसते? पेंडिमेथॅलिन तर आपल्याकडे सूक्ष्म कुप्यांच्या रूपात मिळते. पण ते मुळातच मातीला चिकटून राहणारे. तेथे कुपीचा फायदा, म्हणजे औषध कमी उडून जाणे, खरेदीदारालाच मिळतो. अट्राझीनच्या दाण्याचा वाढीव खर्च शेतकऱ्याचा आणि मोठा लाभ शेजारच्या विहिरीचा. असा माल कोणी मागत नाही, म्हणून कोणी बनवत नाही.

युरोपीय संघाने २००४ मध्ये अट्राझीनला मान्यता नाकारली; तेथील भूजलासाठीची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या पेयजलाच्या २०१२ च्या मानकात ती २ मायक्रोग्रॅम आहे. परंतु गावपातळीवरील तपासणी संचात क्षार, नायट्रेट, फ्लोराइड कळते. अट्राझीन कळत नाही. जे मोजलेच जात नाही, त्याची किंमत बाजार कशी लावणार?

म्हणून माझ्या मते प्रथम हलक्या, निचऱ्याच्या जमिनींच्या भागांत विहिरींची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी आणि नंतर तेवढ्याच भागांत अशा दाण्यांना अनुदान मिळावे. सरसकट अनुदान नको. दाणा हा रामबाण नव्हे: औषध फार रेंगाळले तर पुढच्या पिकाला इजा होते, आणि वेष्टण न कुजणारे असेल तर मातीत प्लास्टिकची भर पडते.

आपल्यापैकी अनेकांची शेती गावी वाट्याने दिलेली असते. पिकाचा हिशेब आपण विचारतो. काय फवारले, ते विचारत नाही. यंदा सुटीत गावी गेलात तर तेवढे अवश्य विचारा.