सुराध्वज

मुनशी घाटाच्या पायऱ्यांवर ते निवृत्त न्यायदंडाधिकारी सलग दुसऱ्या संध्याकाळी येऊन बसले. घाट नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील श्रीधर मुनशींचा. नागपुरात हयात घालविलेल्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नव्हते. पण मन तेथे नव्हते. मद्यधुंद अवस्थेत ट्रक चालविणाऱ्या एका चालकाला त्यांनी पूर्वी दंड केला होता. दंड भरून तो गेला आणि वर्षभराने त्यांच्याच न्यायालयात पुन्हा उभा राहिला. या वेळी एक सायकलस्वार मेला होता. पहिला निकाल कायद्याला धरूनच होता, आणि नेमके तेच त्यांना सोसत नव्हते.

काशीत प्रायश्चित्ताचा विचार टळत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्त न घेणाऱ्या सुरापीच्या कपाळावर सुराध्वज, म्हणजे मद्यगृहाची खूण, डागावी असे म्हटले आहे. प्रायश्चित्त घेणाऱ्या वरिष्ठ वर्णीयांना डाग नाही, द्रव्यदंड आहे. शिक्षेला पर्याय असू शकतो, ही कल्पना अशी जुनीच. मात्र ते प्रायश्चित्त तरी कसले? अकरावा अध्याय उकळती सुरा प्यायला सांगतो! पापी दोन्हीकडे आहे, रोगी कोठेच नाही.

आजच्या कायद्याची गत फार वेगळी नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ३९ काही अपराधांत व्यसनी आरोपीला, त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याची मुभा न्यायालयाला देते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ शंभर मिलिलिटर रक्तातील तीस मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा ठरवून कैद आणि दंड सांगते. २०१९ पासून पहिल्या अपराधाचा दंड दहा हजार रुपये झाला. उपचाराचा शब्द त्यात नाही. १९५८ चा परिवीक्षा कायदा नशेपासून दूर राहण्याची अट घालू देतो. ज्याला दूर राहता येत नाही म्हणूनच तो आरोपी झाला, त्याने ते कसे साधावे हे सांगत नाही.

सायकलस्वाराची पत्नी न्यायालयात मागच्या बाकावर बसत असे. तिच्यापुढे उपचाराची भाषा बोलण्याचे धैर्य त्यांना झाले नसते, आणि होऊही नये. ती वेळ पहिल्या खटल्यात होती, कोणी मेलेले नसताना. परवाना रोखून ठेवूनही ते करता आले असते. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण तेव्हा चालू होते. निकालपत्रात तेथला पत्ता लिहायला कलमाने मनाई केलेली नव्हती.

समोर नाव लागली. नावाड्याने विचारले, पलीकडे जायचे का? त्यांनी मान हलवली आणि बसूनच राहिले.