वल्हे आणि कोयता

दिवाळी हा घरी येण्याचा सण, असे आपण सर्वांनी मनाशी पक्के धरले आहे. चार दिवस आधीपासून मुंबई-पुण्याहून सुटणाऱ्या गाड्या गच्च भरतात, आणि दारच्या पणतीला कोणी ना कोणी लांबून येणारे माणूस दिसते. आमच्या पालीकडे मात्र दिवाळी हा घरून निघण्याचा सण आहे. पाली म्हटले की लोकांना बल्लाळेश्वर आठवतो. पण ते पाली रायगडातले. आमचे बीडजवळचे, सोलापूर-धुळे रस्त्यावरचे, बिंदुसरेच्या धरणाशेजारचे. भाऊबीज ओवाळून झाली, की ह्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहू लागतात. त्यांत पिठाची पोती, तवा, अंथरूण-पांघरूण, शेळी, तान्ही मुले असे सारे घरच चढते, आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, नाहीतर थेट कर्नाटकात ऊस तोडायला निघून जाते. ते माघारी येते फाल्गुन-चैत्रात. रामचंद्र अयोध्येला परतले ते दिवाळीला, असे कोणी म्हणतात. पाडव्याला, असेही कोणी म्हणतात. आमच्या गावाला विचाराल तर ते आपले मत पाडव्यालाच देईल.

कॉलेजात असताना होमरची ‘ओडिसी’ हाती लागली, ती मी अशा गावचा माणूस म्हणून वाचली. समुद्र आमच्यापासून शंभर कोस दूर. त्यामुळे एकडोळ्या राक्षस, गाऊन भुलवणाऱ्या मायाविनी, माणसांची डुकरे करणारी सर्सी, हे सारे आजीच्या गोष्टीसारखे गंमतीचे वाटले. मला अडवले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. ट्रॉयच्या लढाईत १० वर्षे आणि परतीच्या वाटेवर १० वर्षे घालवून ओडिसियस आपल्या इथाका बेटाला लागतो, तेव्हा काव्य संपतच नाही. २४ सर्गांच्या ह्या काव्यात तो १३व्या सर्गातच आपल्या किनाऱ्यावर पोचलेला असतो. पुढचे जवळजवळ अर्धे काव्य किनाऱ्यापासून घरच्या माणसांपर्यंतच्या वाटेचे आहे. आणि ती वाट पायी गेले तरी दिवसभराचीसुद्धा नाही! एवढ्याशा वाटेला होमरने इतकी जागा का दिली, असा प्रश्न पंडितांना पडो. आमच्याकडे तो कोणाला पडणार नाही.

ओडिसियस घरी येतो तो झोपेत. परके खलाशी त्याला निजलेलाच उचलून वाळूवर ठेवतात आणि निघून जातात. जागा होतो तो भोवती दाट धुके. ज्या भूमीसाठी त्याने अमर होण्याचे वरदान नाकारले, तीच त्याला ओळखू येत नाही. हा मुलूख कोणाचा, म्हणून तो कपाळाला हात लावतो. साखर कारखान्याचा हंगाम संपला म्हणजे आमच्याकडे ‘पट्टा पडला’ म्हणतात. पट्टा पडल्यावर ट्रक गावात येतो तोही बहुधा रात्री. झोपलेली पोरे खांद्यावर टाकून माणसे उतरतात. सहा महिने बंद असलेल्या घराला कुलूप, छपराला भोक, उंबऱ्यापाशी वाळवी. पोचलो, असे म्हणता येते; आलो, असे म्हणायला अजून अवकाश असतो.

ह्या दोन शब्दांमधले अंतर होमरला नेमके ठाऊक होते. माणूस आपल्या पायांनी पोचतो. पण येतो तो दुसऱ्याने ओळखल्यावर. भिकाऱ्याच्या वेषातल्या ओडिसियसला पहिल्यांदा, कोणी न सांगता, ओळखतो तो त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस. उकिरड्यावर पडल्या पडल्या तो शेपूट हलवतो, कान पाडतो आणि प्राण सोडतो. मग पाय धुताना म्हातारी दाई मांडीवरचा रानडुकराच्या सुळ्याचा जुना व्रण ओळखते. शेवटी वडिलांची पाळी येते. ते फाटक्या कपड्यांत बागेत झाडाला आळे करीत असतात. खूण म्हणून लेक मोजून दाखवतो: लहानपणी तुम्ही मला १३ पेराची झाडे दिली होती, १० सफरचंदाची, ४० अंजिराची, आणि द्राक्षांच्या ५० ओळी देऊ केल्या होत्या. शेतकऱ्याच्या घरात बापलेकांची ओळख पटवायला ह्याहून चांगला कागद तलाठ्याच्या दप्तरातही सापडायचा नाही.

माझे आईबाप ऊसतोडीला जात. धाकटी बहीण आणि मी आजीपाशी राहत असू. होमरची पेनेलपी २० वर्षे घरात बसून वाट पाहते. आमच्याकडे ती सोय नाही. तोडणीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, तेव्हा पेनेलपीलाही मोळ्या उचलायला जावेच लागते. वाट पाहायला राहतात ती म्हातारी आणि पोरे. बहीण तीन वर्षांची असतानाचा पाडवा मला लख्ख आठवतो. माय दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने रापलेला, हातांवर पाचटाचे ओरखडे, आवाज बसलेला. आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले, आणि म्हणाली, “ये गं.” पण बहीण आजीच्या लुगड्याआड जी लपली ती बाहेर येईना. माय तिला ओढायला गेली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चूल पेटवली, आणि पहिल्या भाकरीआधी तळहाताएवढी चानकी थापून तव्यावर टाकली. आजी कधी चानकी करीत नसे. पीठ वाया जाते म्हणायची. बहीण हळूच येऊन चुलीपाशी बसली. त्या दिवशी माय घरी आली.

पेनेलपीही नवऱ्याच्या गळ्यात लगेच पडत नाही. ती दासीला सांगते, पाहुण्यासाठी आतला पलंग बाहेर काढ. ओडिसियस उसळतो: तो पलंग हलेल कसा? त्याचा एक खूर मी जमिनीत मुळे धरलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा केला आहे! ही खूण पटल्यावर मग ती रडते. पूर्वी मला हा बाईचा संशयी स्वभाव वाटे. आता वाटतो तो तिचा हक्क. जाणारा बदलतो, तसे मागे राहिलेलेही बदलतात, आणि आपल्याला न विचारता गेलेल्याला थोडे थांबवून घेण्याचा अधिकार त्यांना असतो. वाल्मीकींचा रामही थेट अयोध्येत शिरत नाही. आधी हनुमंताला भरताकडे धाडतो आणि बातमी ऐकून त्याची मुद्रा कशी होते ते पाहून ये, असे सांगतो. दोन्ही महाकवी ह्या बाबतीत एकमताचे दिसतात.

२०२०च्या एप्रिलमध्ये हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळाले. टाळेबंदीमुळे लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आसपास अडकून पडले होते. १७ एप्रिलला राज्य सरकारने त्यांना तपासणी करून गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. माणसे आली, पण पुष्कळांना गावातही शाळेत नाहीतर शिवारात वेगळे राहावे लागले. समोर आपल्या घराचे छप्पर दिसते आहे, लेकरू लांबून हात हलवते आहे, आणि मध्ये न दिसणारे धुके!

पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ह्या कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. तिच्यातून शिकलेल्या एका जरी पोराला कोयता हातात धरावा लागला नाही, तरी ती कामी आली असे मी म्हणेन.

कारण ‘ओडिसी’तली मला सर्वांत खरी वाटणारी गोष्ट पुढेच आहे. ओळख पटली, दोघे रडली, आणि त्याच रात्री ओडिसियस बायकोला सांगतो की मला पुन्हा निघायचे आहे. आमच्याकडेही घर शाकारून होत नाही तोच मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन दारात येतो, आणि ती घेतली की पुन्हा जाणे ठरलेलेच. पण ओडिसियसच्या त्या जाण्याला शेवट आहे. मृतांच्या राज्यातल्या द्रष्ट्याने त्याला सांगितलेले असते: खांद्यावर वल्हे घेऊन समुद्रापासून आत आत चालत जा. एखादा वाटसरू त्या वल्ह्याला धान्य उफणायचे फावडे समजला, की वल्हे तिथेच जमिनीत रोव, देवाला नैवेद्य दाखव आणि घरी जा. मग म्हातारपण सुखाने येईल.

ते वल्हे घेऊन तो पालीला आला असता, तर त्याचे काम पहिल्याच खळ्यावर झाले असते. आमच्या माणसांना मात्र अजून चालायचे आहे. खांद्यावरचा कोयता पाहून “हे काय हो?” असे विचारणारे गाव त्यांना लागायचे आहे. ते गाव दुसरीकडे कुठे असण्यापेक्षा पालीच असावे, असे मला वाटते. कोण्या एका पाडव्याला तिथल्या नातवाने आजोबांच्या आढ्याला खोचलेला कोयता काढावा, उलटसुलट करून पाहावा, आणि तो कशासाठी असतो हे त्याला सांगावे लागावे.