मूळ इंजिनाचा हट्ट

जुन्या डॅटसन 240-झेडच्या बॉनेटखाली तिचं स्वतःचं इंजिन नसेल, तर ती गाडी माझ्या लेखी संपलेली असायची. इथे कॅलिफोर्नियात लाँग बीचला 2005 पासून जुन्या जपानी गाड्यांचा मेळा भरतो. तिथे ओळीने लावलेल्या झेड बघत जाताना एखाद्या उघड्या बॉनेटखाली शेव्हरोलेचं व्ही-8 दिसलं, की मालकाशी अवाक्षर न बोलता मी पुढच्या गाडीकडे वळायचे. रंग बदला, चाकं बदला, सीट बदला, माझी हरकत नव्हती. इंजिन मात्र गाडीबरोबर जन्माला आलेलंच हवं. बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर जुळायला हवा. हे मत मी वर्षानुवर्षं बाळगलं, त्यावरून चांगल्या माणसांशी कडाकडा भांडले, आणि आज ते माझं राहिलेलं नाही. मत बदललं म्हणजे गाडीवरची माया पातळ झाली, असं माझ्या काही जुन्या मित्रांना वाटतं. म्हणून हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी माझी तेव्हाची बाजू. ही गाडी 1969 च्या अखेरीस आली. जपानात निस्सान फेअरलेडी झेड, अमेरिकेत डॅटसन 240-झेड. अमेरिकेतला कारभार तेव्हा युताका काटायामा बघत. 'फेअरलेडी' हे नाव इथे चालायचं नाही हे ओळखून त्यांनी ती अक्षरं उतरवून 240-झेडची लावायला सांगितली. 240 म्हणजे 2.4 लिटर. नावच इंजिनाच्या मापावरून! एका ओळीत सहा सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, चारी चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, वजन टनाच्या जरासं वर, आणि किंमत 3,526 डॉलर. युरोपातली स्पोर्ट्स कार ज्यांना फक्त चित्रात परवडायची, त्यांच्या दारात ही गाडी उभी राहिली. 1971 मध्ये तिने ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकली. 1973 मध्ये पुन्हा जिंकली, तेव्हा स्टिअरिंग भारतीय वंशाच्या, युगांडात जन्मलेल्या शेखर मेहतांच्या हातात होतं. ज्या इंजिनाने आफ्रिकेचा चिखल आणि धुरळा झेलला, ते कॅलिफोर्नियाच्या गुळगुळीत रस्त्यावर कमी पडतं असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आजही थोडं फिरतं.

या मताला पहिला धक्का याच गाडीच्या जन्मकथेने दिला. अमेरिकेत 240 विकली जात होती, तेव्हा जपानात तीच गाडी दोन लिटरच्या एल-20 इंजिनावर धावत होती. कारण साधं, कर. इंजिन 2000 सीसीच्या वर गेलं की तिथे गाडीचा वर्गच बदलायचा आणि वर्षाचा कर एकदम चढायचा. 2.4 लिटरचं इंजिन जपानी गिऱ्हाइकाला 1971 मध्ये मिळालं. आणि अगदी सुरुवातीपासून तिसरी एक झेड होतीच, झेड-432 : सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह, तीन कार्ब्युरेटर, दोन कॅमशाफ्ट. तिच्यातलं एस-20 इंजिन स्कायलाइन जीटी-आरचं. म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन झेडमध्ये बसवण्याचं काम कुणा गॅरेजवाल्याच्या आधी खुद्द कारखान्याने केलं होतं.

240-झेडचं एल-24 इंजिन तरी कुठे आभाळातून पडलं होतं? डॅटसन 510 मधल्या चार सिलिंडरच्या एल-16 ची मापं काढा. बोअर 83 मिलिमीटर, स्ट्रोक 73.7. एल-24 चीही हीच. चाराचे सहा सिलिंडर केले, 1595 सीसीचे 2393 झाले. पुढे 1974 मध्ये 260 आली, मग 280. इंजिन वाढलं तसा मागच्या बाजूचा आकडा बदलत गेला आणि नावावर उभा केलेला माझा युक्तिवाद लंगडा पडला.

कार्ब्युरेटरचं तर विचारूच नका. 1973 आणि 74 च्या गाड्यांना धुराच्या नियमांपायी चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर आले. उन्हात, ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची आतच वाफ व्हायची आणि गाडी गचके खात बंद पडायची. मला ज्याने ज्याने विचारलं त्याला मी सांगत आले की, ते काढून टाका आणि आधीच्या वर्षांचे गोल डोक्याचे बसवा. कारखान्यातून आलेला भाग मी बिनदिक्कत फेकायला लावत होते आणि त्याला सुधारणा म्हणत होते. दुसऱ्याने ब्लॉक बदलला की तो भ्रष्टाचार. ही रेघ मी कशाच्या आधारावर ओढली होती, याचं उत्तर मला देता येईना.

तरीही हे सगळं डोक्यातलं होतं. मन वळलं ते एका मशीन शॉपमध्ये.

ओळखीच्या एका झेडवाल्याचं इंजिन तिथे बांधायला घेतलं होतं. त्याने बोलावलं म्हणून गेले, काहीशा नाखुशीनेच. टेबलावर सुटे भाग मांडलेले होते. ब्लॉक 280-झेडएक्सचा, म्हणजे एल-28. भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने तपासून 86 चं बोअर 89 मिलिमीटरपर्यंत वाढवलेलं. क्रँकशाफ्ट माक्सिमा डिझेलच्या एलडी-28 इंजिनातला, कारण त्याचा स्ट्रोक 83 मिलिमीटर. कनेक्टिंग रॉड 240-झेडचे, 133 मिलिमीटर लांबीचे. पिस्टन निस्सानच्याच पुढच्या पिढीतल्या 240-एसएक्सचे. चार गाड्यांमधून आणलेले हे भाग मिळून 3098 सीसीचं एक इंजिन होणार होतं, आणि ते झेडच्या मूळ माउंटिंगवर, मूळ गिअरबॉक्सला, कुठेही पत्रा न कापता बसणार होतं.

मशिनिस्ट म्हातारा आणि अबोल. त्याने क्रँक ब्लॉकमध्ये ठेवला, एका जर्नलवर मेणासारखा बारीक हिरवा धागा आडवा टाकला, कॅप बसवून टॉर्क रेंचने आवळली आणि पुन्हा उघडली. धागा दबून पसरला होता. त्याची रुंदी त्याने पाकिटावरच्या पट्टीशी लावून पाहिली. फट मिलिमीटरच्या चार ते पाच शतांशांच्या मध्ये. असं सातही बेअरिंगना केलं. मग धागे पुसले, तेल लावलं, सगळ्या कॅप ठरलेल्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळल्या आणि मला जवळ बोलावून क्रँकच्या टोकाला बोट लावायला सांगितलं. एवढं मोठं लोखंड एका बोटाच्या रेट्याने आवाज न करता फिरलं. या इंजिनाला बनावट म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. कारखान्यातल्या कुठल्याही एल-24 ला इतका वेळ आणि इतकी नजर मिळाली नसेल.

हे 3.1 लिटरचं गणित नवं नाही. जपानात झेडवाले ते कधीपासून करत आले आहेत. 1990 पासून आलेल्या 'वांगान मिडनाइट' या मांगामधल्या काळ्यानिळ्या झेडच्या पोटातही 3.1 लिटरपर्यंत वाढवलेलं एल-28 च आहे, वर दोन टर्बो. या गाडीची परंपरा म्हणायची तर हीसुद्धा तिची परंपराच की.

मग मला आमच्या काकांची जीप आठवली. सांगलीकडे तेव्हा पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेणं ही रोजची गोष्ट होती. काकांनी बसवलं, आरसी बुकात नोंद करून घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं ती जीप ऊस, खत, माणसं वाहत राहिली. जीप बाटली असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

राहता राहिलं अमेरिकन व्ही-8. त्याच्याबद्दल माझी अढी सगळ्यांत घट्ट होती आणि मुद्दा तोलाचा होता : एवढं धूड पुढे घातलं की झेडचं नाक जड होणार आणि वळणावरची सगळी गंमत जाणार. जुन्या लोखंडी व्ही-8 च्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण 1997 च्या कॉर्व्हेटबरोबर आलेल्या एलएस-1 चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात असल्यामुळे वरची हेडं आटोपशीर राहतात, म्हणून 5.7 लिटर असूनही बाहेरून ते फुगलेलं नाही. शिवाय एका ओळीतल्या सहांपेक्षा ते लांबीला आखूड. त्यामुळे बसवताना चांगलं मागे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या पडद्याला टेकवून बसवता येतं. अशा एका गाडीच्या चारही चाकांखाली काटे ठेवलेले मी पाहिले, पुढचा भार वाढलेला नव्हता. मी चालवूनही पाहिली. गाडी वळणात सरळ, शहाण्यासारखी शिरली. आवाज मात्र माझ्या कानाला परका वाटला. सहा सिलिंडरचा तो चढत जाणारा सूर त्यात नाही, आणि तो मला हवाच असतो. पण ती माझी आवड झाली. तिचा नियम करून दुसऱ्याच्या गाडीवर लादण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. झेड मरते ती गंजाने. पत्रा पातळ, त्या काळचं गंजरोधक काम यथातथाच. बॅटरीचं ॲसिड ठिबकून खालचा ट्रे आणि रेल खातं, काचेखालच्या जाळीत पाला साचून पाणी मुरतं, पायाखालची फरशी सडते, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा हाताने दाबला तर चुरा पडतो. इंजिन बदललं म्हणून भंगारात गेलेली झेड मला आठवत नाही. गंजून गेलेल्या कितीतरी पाहिल्या, आणि त्यांतल्या काहींचे नंबर अगदी जुळत होते. मूळ रंग, मूळ अंडरकोटिंग मोडायचं नाही म्हणून मालकांनी खाली सळई घालून कधी पाहिलंच नव्हतं.

इंजिन बदलणाऱ्याला ही चैन परवडत नाही. 151 घोड्यांसाठी घडवलेल्या सांगाड्यात 350 घोडे जोडायचे, तर सडका रेल चालणार नाही, गाडी पिळवटेल. म्हणून तो आधी पत्रा सोलतो, कुजलेलं कापून नवं जोडतो, खालून आधार देतो. मग मागचं आर-180 डिफरन्शियल पुरणार नाही म्हणून 280 चं आर-200 आणतो. पुढच्या ब्रेकला टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर लावतो. ते झेडच्या स्ट्रटवर बोल्टने बसतात, हे ज्याने प्रथम ताडून पाहिलं त्याचं मला कौतुक वाटतं. या खटाटोपात तो माणूस गाडीचा इंच न् इंच हाताखालून घालतो. मेळ्यात ज्यांच्याशी मी बोलत नव्हते, त्यांच्यातल्या कित्येकांना झेडचा सांगाडा माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

नंबर जुळण्याचं वेड हल्ली बाजाराच्या हातात गेलं आहे, हेही मला टोचतं. 2020 च्या जानेवारीत एक 240-झेड लिलावात 3,10,000 डॉलरला गेली. त्या आकड्यानंतर साध्या, चालत्या-फिरत्या झेडचे मालकसुद्धा किल्ली लावायला बिचकू लागले. सामान्य माणसाने चालवावी म्हणून काढलेली गाडी अशी झाकून ठेवलेली पाहवत नाही.

याचा अर्थ आता काहीही चालेल असा नव्हे. झेड-432 ला कुणी हात लावू नये. मोजक्याच निघाल्या, त्यांची जागा त्यांच्या एस-20 सकट आहे तशी राखायची. पहिल्या वर्षातल्या, गंज न लागलेल्या 240 बद्दलही माझं मत जुनंच आहे. आणि दुसरं इंजिन मावावं म्हणून केबिनचा पडदा किंवा स्ट्रट टॉवर कापणारा माणूस भेटला तर त्याच्याशी मी अजूनही भांडेन. कारण मूळ इंजिन तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येतं आणि पुढच्या मालकाला वाटलं तर परत बसवता येतं. कापलेला पत्रा परत येत नाही. विजेच्या मोटरबद्दल माझं मन अजून तयार झालेलं नाही. बॅटऱ्यांसाठी डिकीची आणि पेट्रोलच्या टाकीची जागा जिथे जिथे कापलेली पाहिली, तिथे पोटात गोळा आला. न कापता कुणी करून दाखवलं तर मी जाऊन बघेन, एवढं नक्की.

माझी स्वतःची गाडी 1974 ची 260 आहे. कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी नाही, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. पायाखालची फरशी आणि दोन्ही रेल नवे घालून झाले आहेत. तिचं एल-26 इंजिन उतरवून स्टँडवर लावलं आहे, नंबरासकट, सिलिंडरमध्ये तेल सोडून. एल-28 चा ब्लॉक मिळाला, डिझेलचा क्रँकही मिळाला. हेड एन-42 घ्यावं की पी-90 यावर मशीन शॉपमध्ये दोन तट आहेत. म्हातारा एन-42 च्या बाजूचा आहे. मी पी-90 म्हणतेय, कारण त्याच्या ज्वलनकक्षाची घडण बंदिस्त आहे आणि इथल्या पंपावरच्या पेट्रोलवर नॉकिंगचा धोका त्यात कमी.