गवंड्याची होडी

माझे वडील गवंडी होते. थापी आणि ओळंबा पिशवीत घालून ते पहाटेच नाक्यावर जाऊन उभे राहत. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी मात्र 'नोकरी' असे लिहीत असे. त्यांना ते कळले तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते गप्प बसले. त्यांचे ते गप्प बसणे मला अजून सलते.

पुढे वाचनालयात जॉन केली या अमेरिकन नौकानयनपटूची हकीकत वाचली. फिलाडेल्फियातल्या आयरिश कुटुंबात १८८९ साली जन्मलेला हा माणूस विटा रचून पोट भरायचा आणि फावल्या वेळात नदीवर एकट्याने होडी वल्हवायचा. १९२० साली त्याने इंग्लंडमध्ये टेम्स नदीवरच्या हेन्ली येथील नामांकित शर्यतीसाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. त्याच्या क्लबवर आधीपासून बंदी होतीच. पण दुसरे कारणही नोंदवले गेले, ते म्हणजे हा अंगमेहनत करणारा मजूर आहे! मजुरी, कारागिरी करून पोट भरणाऱ्याला तिथे मज्जावच होता. म्हणे, कष्टाने कमावलेल्या शरीरापुढे सभ्य गृहस्थांचा टिकाव कसा लागणार? वाचकहो, घाम गाळणाऱ्याला बाहेर ठेवायला कारण कुठेही सापडते.

त्या वर्षी हेन्लीची ती शर्यत इंग्लंडच्या जॅक बेरेसफोर्डने जिंकली. मग त्याच उन्हाळ्यात बेल्जियममध्ये ऑलिम्पिक भरले. एकेरीच्या अंतिम फेरीत केलीसमोर होता तोच बेरेसफोर्ड. शेवटपर्यंत चुरस झाली आणि केलीने अवघ्या एका सेकंदाने बाजी मारली. त्याच दिवशी, पुरता दमही खाल्ला नसेल, तोच चुलतभाऊ पॉल कॉस्टेलोबरोबर त्याने दुहेरीचेही सुवर्णपदक घेतले. १९२४ साली पॅरिसमध्ये या जोडीने ते पुन्हा जिंकले.

मजुरांना अडवणारा हेन्लीचा नियम १९३७ साली रद्द झाला. १९४७ साली केलीच्या मुलाने तीच शर्यत जिंकली, जिच्यासाठी बापाचा अर्ज नाकारला होता.

हे सगळे मी वडिलांना वाचून दाखवले. तेव्हा ते थकले होते, दमा होता. डोळे मिटून ऐकत होते. पदकांबद्दल काहीच बोलले नाहीत. एवढेच विचारले, "एवढा मोठा झाल्यावर त्यानं थापी सोडली काय रे?"

"नाही बाबा. पुढं त्यानं वीटकामाचीच कंपनी काढली, आपल्याच नावानं."

"आपल्याच नावानं?" ते म्हणाले आणि उठून बसले. "परत वाच."