मोत्याला बक्षीस मिळेल का?

“सर, माह्या मोत्याले बक्षीस भेटंन काय तिथं?”

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला निघालोय, तिथं कुत्र्यांचं प्रदर्शन असतं, असं मी चौथीच्या वर्गात सांगितलं आणि मागच्या रांगेतून हा प्रश्न आला. मोत्या म्हणजे शाळेच्या फाटकाशी पडून असणारा, एक कान मोडलेला तांबूस कुत्रा. “बघून येतो नि सांगतो,” म्हटलं. आता नीट बघणं आलंच!

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, पूर्णेकाठी. शेगावहून रेल्वेनं अकोला, मग वाशीम, हिंगोली, पूर्णा करत नांदेड. गंमत पाहा, वाटेतल्या पूर्णा गावाजवळची पूर्णा नदी गोदावरीला मिळते आणि आमची पूर्णा तापीला. नाव एक, नद्या दोन! नांदेडहून एस.टी.नं लोहा मागं टाकलं की माळेगाव येतं.

मार्गशीर्ष वद्यात ही जत्रा भरते. जिकडंतिकडं भंडारा उधळलेला. घोडे, गाढवं, उंट, तांबडे लाल कंधारी बैल... नुसता गजबजाट! नांदेड जिल्हा परिषद इथं जनावरांबरोबर कुत्र्या-कोंबड्यांचंही प्रदर्शन भरवते. आणि कुत्र्याचा मान इथं नाही तर कुठं? खंडोबाच्या मूर्तीत घोड्याजवळ कुत्रा असतोच, बरं का!

मुलांनो, जातिवंत म्हणजे काय? आपल्याकडची पूर्णाथडी म्हैस आठवा. भुरकट रंग, तशीच शिंगं, तशीच ठेवण आणि पिढ्यान्‌पिढ्या वासरंही तशीच. आईबापांचे गुण पिल्लांत ठरलेपणानं उतरले, की ती झाली जात. आपले आजे-पणजे वळू निवडून निवडूनच अशा जाती घडवत आले.

मैदानात दोरी बांधून रिंगण केलं होतं. एकेक मालक कुत्रा घेऊन आत येई. परीक्षक होते पशुवैद्य. आधी त्यांनी कुत्र्याला स्थिर उभं करून पाहिलं. मग ओठ वर करून दात पाहिले. पाठीवरून, पायांवरून हात फिरवला. शेवटी मालकाला रिंगणभर पळायला लावलं, म्हणजे कुत्र्याची चाल कळते. एक दांडगा कुत्रा परीक्षकांच्या अंगावर गुरगुरला. त्याला बाजूला काढलं! देखणेपणाबरोबर स्वभावही बघतात तर.

मला वाटलं होतं, शेजारच्या कुत्र्याशी तुलना करतात. तसं नाही. प्रत्येक जातीचं वर्णन ठरलेलं असतं : डोकं कसं, छाती कशी, शेपूट कशी. त्या वर्णनाच्या जो सर्वांत जवळ, तो पहिला. शहरांतल्या मोठ्या प्रदर्शनांत चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडं कुत्र्याची वंशावळ नोंदलेली लागते. ओळख पटावी म्हणून कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिपही बसवतात. आधी एकेका जातीतला पहिला, मग गटातला पहिला आणि शेवटी साऱ्या प्रदर्शनात सर्वोत्तम, अशी ती शिडी.

माझं मन मात्र कारवानी कुत्र्यानं जिंकलं. लांबट डोकं, खोल छाती, आत गेलेलं पोट, काटक पाय. कान-शेपटीवर रेशमी केस असले तर त्याला ‘पश्मी’ म्हणतात. हा नाकापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवणारा. दुरून सावज हेरायचं आणि वाऱ्यासारखं सुटायचं. याचाच भाऊबंद कर्नाटकातला मुधोळ. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तो नावारूपाला आणला. २००५ साली टपाल तिकिटावरही त्याचं चित्र आलं. आता कायद्यानं शिकार बंद आहे. मग या पळणाऱ्यांनी करायचं काय? एक मालक म्हणाला, “राखण करतो, गुरुजी. पण लोकांना विलायती पाहिजे!” त्याचा कुत्रा त्याच्या पायाशी अंग टाकून पडला होता.

परत आलो. खरं सांगणं भाग होतं. “मोत्या कोणत्याच ठरलेल्या जातीत बसत नाही. तिथं त्याला बक्षीस नाही मिळायचं.”

पोराचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणालं, “सर, मंग त्याचं वर्णन कोनं लिवलं नाही म्हून ना?”

मी गप्पच बसलो. तसं ते काही अगदी बरोबर नव्हतं. मोत्याची पिल्लं मोत्यासारखीच निघतील याचा भरवसा नाही, हे त्याला सांगितलं. पण वही पुढं केलीच.

शनिवारी आम्ही मोत्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस दिली. ती दरवर्षी द्यायची असते. आणि तुम्हीही लक्षात ठेवा, कुत्रा चावला तर जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्यात धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-चुना काही लावायचं नाही!

वहीत पहिली ओळ आली : “कान एक उभा, एक मोडका. चाल तिरकी. अनोळखी मानसावर भुकते, पोरायवर नाही.”

शुद्धलेखनाच्या चुका मी या वेळी तशाच ठेवल्या.