गंगोदक आणि जंतुभक्षक

नाशिकच्या माणसास 'गंगा' कोणती, असें विचारूं नये. "गंगेवर जाऊन येतों" असें म्हणून तो निघाला कीं काशी नव्हे, रामकुंड समजावें. गोदावरीस गंगा म्हणण्याची ही आमची जुनी वहिवाट आहे. आणि त्यामुळें उत्तरेकडील गंगेविषयीं जें कांहीं छापून येतें, तें येथील घरोघर गोदावरीलाही आपोआप लागू होतें. 'गंगेच्या पाण्यांत रोगजंतूंचा नाश करणारे विषाणु असतात' ही वार्ता अशीच आमच्या सातपूरच्या घरांत शिरली, आणि ती अशा वेळीं शिरली कीं तिचा विचार केवळ कुतूहल म्हणून करून भागण्यासारखें नव्हतें. पुतण्याचा आठ वर्षांचा मुलगा विषमज्वरानें अंथरुणास खिळला होता. डॉक्टरांचें औषध चालू होतें. योग्य औषध मिळाल्यावरही हा ताप उतरण्यास कांहीं दिवस लागतात, असें त्यांनीं आधींच सांगून ठेविलें होतें. परंतु घरांतील माणसांस तें दिवस मोजतांना जड जातात. वहिनींनीं वर्तमानपत्राचें कात्रण मजपुढें ठेविलें आणि म्हणाल्या, "भाऊजी, देवघरांत रामकुंडाच्या पाण्याचा गडू आहे. दोन पळ्या पोराला दिल्या तर काय हरकत आहे? आतां तर शास्त्रही तेंच म्हणतंय."

वहिनी ऐंशीच्या घरांत आहेत, परंतु भोळ्या नाहींत. त्यांस 'नाहीं' म्हणावयाचें तर कारण सांगावें लागतें, हा आमच्या घरचा शिरस्ता. माझी हयात संस्कृत शिकविण्यांत गेली. जंतुशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. सुदैवानें धाकट्या पुतण्याची पत्नी महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकविते. तिनें जें समजावून दिलें आणि मीं पुढें वाचून जें पडताळून पाहिलें, तें येथें मांडतों.

कात्रणांतील गोष्ट मुळांत हँकिन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची. हे गृहस्थ आग्र्यास सरकारी रसायन-परीक्षक होते. १८९६ सालीं त्यांनीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत लिहिलें कीं, गंगा-यमुनेच्या पाण्यांत पटकीचे जंतु थोड्याच तासांत मरतात. त्यांस फेजाची कल्पना असणें शक्यच नव्हतें. कारण ट्वॉर्ट यांनीं या गोष्टीची पहिली खूण पाहिली ती १९१५ सालीं, आणि फेलिक्स देरेल यांनीं तिला 'बॅक्टेरियोफेज' हें नांव दिलें तें १९१७ सालीं. हँकिन यांनीं पाहिला तो प्रभाव फेजाचाच होता काय, याविषयीं संशोधक आजही शंका घेतात. कात्रणांत ही शंका अर्थातच नव्हती.

नांवाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून मजसारख्यास राहवत नाहीं. 'फेज' हें ग्रीक भाषेंतील खाण्याच्या धातूवरून आलेलें असून तो धातु आपल्या भज्-भक्ष् यांचाच दूरचा भाऊ आहे. तेव्हां 'जंतुभक्षक' हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीनें अगदीं अचूक. पण वस्तुस्थितीच्या दृष्टीनें फसवा. हा प्राणी जंतूला खात नाहीं. किंबहुना त्यास तोंड नाहीं, पोट नाहीं, आणि प्राणी म्हणावें कीं नाहीं हाही प्रश्नच आहे. त्याची रीत कोकिळेची आहे. कोकिळेस आपण परभृत म्हणतों, कारण तिचीं पिलें कावळा पोसतो. येथें फरक एवढाच कीं, हीं पिलें वाढलीं म्हणजे कावळ्याचें घरटेंच नव्हे, तर कावळाही फुटून जातो.

आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या 'कोलाय' जंतूवर बसणारा 'टी-फोर' नांवाचा फेज शास्त्रज्ञांनीं सर्वांत बारकाईनें पाहिला आहे. एका मिलीमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढें याचें डोकें. त्यास रत्नासारखे पैलू असतात, आणि आंत डी. एन. ए.चा धागा ठासून भरलेला असतो. हा धागा उलगडला तर डोक्याच्या साडेचारशें पटींहून अधिक लांब भरतो. डोक्याखालीं ताठ शेंपूट, शेंपटाच्या टोंकाशीं एक चकती, आणि तिला कोळ्याच्या पायांसारखे सहा लांब तंतु.

आतां खरी गंमत पुढें आहे. या फेजास पोहतां येत नाहीं, पाहतां येत नाहीं, भक्ष्याचा वासही लागत नाहीं. पाण्याचे कण ढकलतील तिकडे तो जातो. असा भरकटतां भरकटतां एखाद्या जंतूवर आदळला, तर त्याच्या तंतूचें टोंक त्या जंतूच्या अंगावर टेंकतें. जंतूच्या पृष्ठावर नाना प्रकारचे कण असतात. कांहीं शर्करेचे, कांहीं प्रथिनांचे. त्यांपैकीं ठराविक एकाशीं तें टोंक किल्ली कुलपांत बसावी तसें जुळलें तर धरतें. न जुळलें तर फेज सुटून पुढें वाहत जातो. एक तंतु धरल्यानें काम होत नाहीं, ती पकड सैल असते. अनेक तंतु जागच्या जागीं बसले म्हणजे चकतीखालचे आंखूड तंतु बाहेर येऊन फेजास घट्ट खिळवितात, आणि येथून मात्र परत फिरणें नाहीं. चकती उघडते, शेंपटाचें बाहेरचें आवरण आखडून मूळ लांबीच्या निम्म्याहूनही कमी होतें, आणि आंतली नळी दाभणासारखी जंतूच्या कवचांत घुसते. तिच्या टोंकाशीं भिंत विरघळविणारें एक द्रव्य असतें; आपल्या अश्रूंतही त्याच जातीचें द्रव्य आहे. वाट झाली कीं धागा आंत जातो आणि रिकामी टरफलें बाहेर राहतात.

धागाच आंत जातो हें ठरलें तें १९५२ सालीं. हर्शे व मार्था चेस यांनीं फेजाच्या धाग्यास एक व कवचास दुसरी किरणोत्सर्गी खूण केली आणि जंतूंस चिकटलेले फेज चक्क स्वयंपाकघरांतील मिक्सरसारख्या यंत्रांत घुसळले. कवचें निसटून वेगळीं झालीं, आणि आंत गेलेल्या धाग्यापासून नवे फेज तयार झाले. आनुवंशिकतेचें बीज डी. एन. ए.मध्यें आहे, हें मानण्यास या घुसळणीनें मोठा आधार दिला. (हें ऐकल्यावर आमच्या मिक्सरकडे पाहण्याची घरांतील मुलांची दृष्टि बदलली आहे.) आंत गेलेला धागा जंतूच्या सर्व कारखान्याचा ताबा घेतो, आणि अर्ध्या तासाच्या आंतबाहेर शंभर-दोनशें नवे फेज जंतूस फोडून बाहेर पडतात.

सूनबाईनें आणखी एक उदाहरण दिलें. 'लॅम्डा' नांवाचा फेज ज्या दारास चिकटतो, तें त्या जंतूचें माल्टोज साखर आंत घेण्याचें दार असतें. दार बंद करावें तर ती साखर मिळण्यास अडचण. उघडें ठेवावें तर शत्रु बसतो.

वहिनी सारें ऐकत होत्या. त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येकाची किल्ली निराळी. मग माझ्या गडूंत ह्याच्याच तापाची किल्ली आहे, हें कशावरून?"

मी चकित झालों. मी जें सांगण्याकरितां शब्द जुळवीत होतों तें त्यांनीं स्वतःच काढलें होतें. सूनबाई म्हणाली, "आई, आणि असली तर ती वाईट खूण आहे. फेज वाढतो तो त्याच्या जंतूंतच. विषमज्वराचा फेज पाण्यांत सांपडला, तर त्याचे जंतूही कुठून तरी त्या पाण्यांत आलेले असणार."

"आणि पाणी उकळून दिलं तर?"

"तर दोघेही मेले."

शिवाय विषमज्वराचे जंतु आंतड्यांतच बसून राहत नाहींत. ते शरीरांतील पेशींच्या आंत जाऊन दडतात. पोटांत घातलेल्या पाण्यांतील फेज तेथें पोंचणार कसा? वहिनींनीं गडू उचलला, मुलाच्या कपाळास लावला, आणि परत देवघरांत नेऊन ठेविला. मुलास उकळून गार केलेलें पाणी व डॉक्टरांचें औषधच चालू राहिलें, आणि दोन दिवसांनीं ताप उतरला.

यावरून फेजाचा औषधी उपयोग ही निव्वळ कल्पना आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. देरेल यांनीं १९१९ सालीं पॅरिसच्या बालरुग्णालयांत रक्तआंवेच्या एका मुलास फेज दिला तो आधीं स्वतः पिऊन पाहिल्यावर. १९२७ सालीं ते हिंदुस्थानांत येऊन पटकीवर काम करूं लागले, आणि फेजासंबंधीं सरकारी चौकशी येथें १९३६ पर्यंत चालली. परळच्या हाफकिन संस्थेनेंही यांत भाग घेतला. तेथील नायडू व आवारी यांचा प्लेगवरील फेजोपचाराचा लेख १९३२ सालचा आहे. पुढें पेनिसिलीन व तत्सम औषधें आलीं आणि बहुतेक ठिकाणीं हा मार्ग मागें पडला. जॉर्जिया देशांतील तिबिलिसी येथील संस्था मात्र १९२३ पासून तेंच काम करीत आहे, आणि जुन्या औषधांस जंतु दाद देईनासे झाल्यामुळें जगाचें लक्ष पुन्हां तिकडे वळलें आहे. तेथें काय करतात? रोग्याचा जंतु वेगळा काढतात, त्यावर अनेक फेज घालून पाहतात, आणि जो चिकटतो तोच शुद्ध करून देतात. नदीचें पाणी पाजण्यांत आणि यांत तेवढें अंतर आहे.

विषमज्वराच्या जंतूच्या अंगावर शर्करेचें एक पांघरूण असतें. त्यास 'व्ही-आय' म्हणतात. कांहीं फेज याच पांघरुणावरून हा जंतु ओळखतात. १९३८ सालीं क्रेगी व येन यांनीं त्या फेजांचा उपयोग करून विषमज्वराच्या जंतूंच्या पोटजाती लावल्या, आणि एका गांवची सांथ कोणत्या विहिरीपासून अगर कोणत्या माणसापासून पसरली, याचा माग काढणें त्यामुळें सोपें झालें. आज विषमज्वराची जी नवी लस आहे, तीही त्याच पांघरुणापासून केलेली. फेज जें चिन्ह ओळखतो, तेंच ती आपल्या रक्तास ओळखावयास शिकविते. नवी मुंबई महानगरपालिकेनें २०१८ सालीं नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांस ही लस मोफत टोंचली. इतरत्र ती बालरोगतज्ज्ञांकडे मिळते.