ग्रँड कॅन्यनचे थर संपतात तिथून पुढे

ॲरिझोनाच्या कोरड्या पठारात कोलोराडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १,८०० मीटरांहून खोल आहे. तळाचा खडक सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांचा, तर माथ्यावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. त्या माथ्याच्याही वर एकेकाळी थर होते, पण ते झिजून गेले.

त्यानंतरच्या काळातले खडक बघायचे तर सिंदेवाहीच्या माणसाला अमेरिका गाठायला नको. सिरोंचा पुरे.

मूल, गोंडपिपरी करत मी आष्टीला वैनगंगा ओलांडली. धानाच्या बांध्या मागे पडल्या, आलापल्लीचे उंच साग सुरू झाले आणि सिरोंच्यापर्यंत पाट्यांवर, बोलण्यात तेलुगू मिसळत गेली. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता इथे गोदावरीला भेटते. दरी मात्र कुठेच नाही. पसरट पात्र, उघडी पडलेली वाळू आणि पलीकडे तेलंगण.

यामागचं कारण जमिनीत आहे. कोलोराडोखालचं पठार वर उचललं गेलं आणि नदी त्याला कापत खाली उतरली. प्राणहिता-गोदावरीच्या पट्ट्यात उलट झालं. इथली जमीन भेगा पडून खचली आणि त्या लांबट खोलगटीत कोट्यवधी वर्षं नद्यांचा, तळ्यांचा गाळ बसत राहिला. बल्लारपूरच्या खाणींतला कोळसा त्याच गाळाच्या जुन्या, खालच्या थरांतला. प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून ज्यांना नाव मिळालं ते थर त्याहून बरेच अलीकडचे, जुरासिक काळातले. त्यांतल्या चुनखडकात माशांचे जीवाश्म सापडले, ते एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांपर्यंत पोचले होते.

वडधमला जीवाश्म उद्यानात झाडांची खोडं पडली आहेत. लांबून पाहिलं तर कालपरवा तोडलेलं लाकूड वाटावं. जवळ गेल्यावर रेषा लाकडाच्याच दिसतात, पण बोटांना लागतो तो गार दगड. गाळात पुरलेल्या खोडात खनिजं मुरली आणि लाकडाची जागा त्यांनी घेतली.

याच परिसरात पोचमपल्लीजवळ १९६०-६१ च्या सुमारास भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूने एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरची शेकडो हाडं खणून काढली. रवींद्रनाथांची जन्मशताब्दी तेव्हाच आलेली. म्हणून १९७५ साली त्याचं नामकरण झालं ते बारापासॉरस टागोरी असं. सुमारे १४ मीटर लांबीचा हा प्राणी होता.

“मग तो सांगाडा कुठं आहे?” मी वडधमला विचारलं.

“कलकत्त्याला,” सोबतचा म्हणाला. “आपल्याकडं झाडंच रायली, साहेब.”